शेती बदलली, तिच्या कडेचे काय झाले?

बांधावरून

शेतीतील बदलांचा निसर्गावर काय परिणाम होतो हा विषय निघाला की, चर्चा थोड्याच वेळात कीटकनाशकांवर येते आणि तेथेच अडकून बसते. विष वाईट आहे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु गेली काही वर्षे एकच शेत पाहत असताना मला वेगळी शंका येऊ लागली आहे.

या शेताच्या मधोमध पूर्वी एक बांध होता. दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढी त्याची रुंदी होती. त्यावर काटेरी झुडपे, उंच गवत, एक वारूळ आणि पावसाळ्यात पाणी साचणारा एक खोलगट भाग होता. ट्रॅक्टरला वळायला अडचण होते म्हणून तो बांध एका दुपारी यंत्राने सपाट करण्यात आला. पुढील हंगामात त्या शेतावर एकदाही फवारणी झाली नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही पिकावर घिरट्या घालणारे चतुर दिसले नाहीत, बेडकांचा आवाज आला नाही आणि झुडपात घरटे करणारे छोटे पक्षी तर फिरकलेच नाहीत.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, निसर्गाचे अधिक नुकसान आपण शेतात जे नव्याने घातले त्यामुळे झाले, की शेतातून जे काढून टाकले त्यामुळे झाले? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. सदस्यांनी शक्यतो स्वतः पाहिलेले किंवा खात्रीने ठाऊक असलेले लिहावे, ही विनंती.

पाणवठा

मी आपल्या दोन्ही पर्यायांच्या बाहेरचे उत्तर देतो. घातलेले आणि काढलेले यांपेक्षा वळवलेले अधिक महत्त्वाचे आहे, आणि वळवलेले म्हणजे अर्थातच पाणी. माणूस नद्या, तलाव आणि भूजल यांतून जेवढे गोडे पाणी उपसतो, त्यातील सुमारे ७० टक्के शेतीकडे जाते.

अरल समुद्राचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल, पण त्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्या सरोवराला पाणी पुरवत होत्या. १९६०च्या दशकापासून त्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर कापसाकडे वळवले गेले; अनेक कालव्यांना अस्तर नसल्यामुळे बरेचसे पाणी पिकापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीत मुरले. जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर २००७पर्यंत मूळ क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्यावर आले. पाणी आटले तसे उरलेल्या पाण्यातील मीठ वाढले आणि मासे संपले. त्यानंतर उघड्या पडलेल्या तळावरील मीठ आणि त्यात मिसळलेली कृषिरसायने वाऱ्याबरोबर उडून पुन्हा शेतांवर आणि माणसांच्या फुप्फुसांत जाऊ लागली. म्हणजे ज्या शेतीसाठी हे सारे केले, तिच्याच अंगावर ते परतून आले. सरोवराच्या उत्तर भागात २००५ साली धरण बांधल्यावर तेथील पातळी वाढली आणि मासेमारीही पुन्हा सुरू झाली. दक्षिण भागाला मात्र ते भाग्य लाभले नाही.

प्रश्नार्थक

बांधावरून यांना एकच विचारायचे आहे. त्या हंगामात फवारणी झाली नाही हे मान्य, पण पेरलेले बियाणे कोणत्या रंगाचे होते?

अर्धविराम

बियाण्याचा रंग विचारणारा सदस्य मी प्रथमच पाहिला. आता पुढे कोणी नांगराची रास विचारू नये.

प्रश्नार्थक

अर्धविराम, प्रश्न थट्टेचा नाही. कीटकनाशकाचा लेप दिलेल्या बियाण्याला मुद्दाम गडद रंग देतात, जेणेकरून ते कोणी चुकून खाऊ नये. निओनिकोटिनॉइड गटातील औषधे बहुधा याच मार्गाने शेतात जातात. रोप त्यांतील थोडाच भाग शोषून घेते. उरलेला बहुतांश भाग मातीत राहतो आणि तेथून पाण्याबरोबर ओढ्यांत व डबक्यांत उतरतो. चतुरांची पिल्ले पाण्यात वाढतात, हे येथे ध्यानात घ्यावे. युरोपीय संघाने या गटातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर २०१८ साली बंद केला, तो प्रामुख्याने मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे.

फवारणी दिसते, तिचा वास येतो, पाठीवर पंप घेतलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. बियाण्यावरचा लेप यांपैकी काहीच दाखवत नाही. डीडीटीच्या बाबतीतही असेच घडले होते. फवारलेल्या शेतात ससाणे मरून पडले नव्हते. विषाचा अंश किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि तेथून शिकारी पक्ष्यांत साठत गेला, अंड्यांची कवचे पातळ झाली आणि उबवायला बसलेल्या मादीच्याच वजनाने ती फुटू लागली. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीचा शेतीतील वापर थांबवला, त्यानंतर काही दशकांनी हे पक्षी सावरले. तेव्हा विषाला निर्दोष ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे.

चंडोल

माझ्या मते वेळापत्रक हाही एक बदल आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

ब्रिटनमध्ये पूर्वी बरेचसे धान्य वसंतात पेरले जाई. कापणीनंतर धसकटे हिवाळाभर शेतात उभी राहत आणि सांडलेल्या दाण्यांवर पक्षी तग धरत. पुढे शरद ऋतूतील पेरणी रूढ झाली. त्यामुळे दोन गोष्टी एकदम घडल्या. धसकटे लगेच नांगरली जाऊ लागल्याने हिवाळ्यातील खाद्य गेले. शिवाय वसंतात चंडोल जमिनीवर घरटे करायला येई, तोपर्यंत पीक इतके उंच आणि दाट झालेले असे की त्याला उतरायलाच जागा मिळेना. पूर्वी हंगामात दोन-तीन वेळा होणारी वीण एकदाच होऊ लागली. ना नवे विष, ना झाड तोडले. केवळ पेरणीचा महिना बदलला. त्या देशातील शेतशिवारातले पक्षी १९७०च्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले आहेत, आणि त्यामागील कारणांत या बदलाचा वाटा मोठा मानला जातो.

यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. पेरणीयंत्र चालू असताना काही क्षण बी सोडणे थांबवायचे, म्हणजे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा तुकडा मोकळा राहतो. हेक्टरी असे दोन तुकडे ठेवतात. शेतकऱ्याचे उत्पन्न नाममात्र घटते आणि पक्ष्याला उतरायला अंगण मिळते.

अर्धविराम

चंडोल यांनी चंडोलाची बाजू मांडली आहे. संचालकांनी त्यांना हितसंबंध जाहीर करण्यास सांगावे.

मृद्गंध

घातलेल्या गोष्टींत सर्वांत मोठी गोष्ट विष नसून अन्न आहे, म्हणजे पिकाचे अन्न, नत्र.

हवेतील नत्रापासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली जर्मनीत कारखान्याच्या प्रमाणावर सुरू झाली. आज जगातील सुमारे निम्मे लोक त्या नत्रावर वाढलेले अन्न खातात, असा अंदाज केला जातो. त्यामुळे तिला सरसकट नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. अडचण अशी आहे की घातलेल्या नत्रापैकी साधारण निम्मेच पिकाला लागते. उरलेले नायट्रेटच्या रूपाने पाण्यात उतरते किंवा वायूरूपाने हवेत जाते. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो.

पाण्यात उतरलेल्या नत्राने काय होते, हे मेक्सिकोच्या आखातात दिसते. मिसिसिपी नदी शेतांतून वाहून आलेले नत्र व स्फुरद तेथे आणून सोडते, शेवाळ माजते, ते मरून तळाशी कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. २०१७ साली असा प्राणवायू अत्यल्प असलेला पट्टा २२,७२० चौरस किलोमीटरचा मोजला गेला.

बांधावरून यांच्या प्रश्नाला मात्र इंग्लंडमधील रॉथमस्टेडचा प्रयोग अधिक जवळचा आहे. तेथे एका गवताळ कुरणाचे पट्टे पाडून १८५६पासून प्रत्येकाला वेगवेगळे खत देत आले आहेत. ज्या पट्ट्याला काहीच दिलेले नाही, तेथे चाळीसच्या आसपास वनस्पती आढळतात. ज्या पट्ट्याला वर्षानुवर्षे भरपूर अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, तेथे दोन-तीनच जाती उरल्या आहेत. कोणी तण उपटले नाही, तणनाशक मारले नाही. भरपेट अन्नाने दांडग्या झालेल्या गवताने बाकीच्यांवर सावली केली आणि माती आम्ल झाली, एवढेच. म्हणजे येथे घातले म्हणूनच निघून गेले. आपले दोन पर्याय मला फारसे वेगळे वाटत नाहीत.

जुनाजाणता

चर्चा चांगली चालली आहे, परंतु ती पोट भरलेल्या माणसांची चर्चा आहे, असे नम्रपणे नमूद करतो.

१९६१पासून जगातील धान्योत्पादन तिपटीहून अधिक वाढले आणि धान्याखालील क्षेत्र त्या मानाने फारच थोडे वाढले. बुटक्या गव्हाच्या वाणांसाठी नॉर्मन बोरलॉग यांना १९७० साली शांततेचे नोबेल मिळाले. भाताचा आयआर-८ हा वाण १९६६ साली आला. हे वाण, खत आणि पाणी नसते तर तेवढ्याच धान्यासाठी किती जंगल नांगराखाली गेले असते, याचा विचार करावा. आजच राहण्यायोग्य जमिनीपैकी जवळजवळ निम्मी शेती आणि चराईखाली आहे. बांधावरचे वारूळ गेले याचे मलाही वाईट वाटते. पण उत्पन्न निम्म्यावर आणून बांध रुंद केले, तर ती तूट कोणाच्या तरी डोंगरावरचे झाड तोडूनच भरून निघेल.

श्रीलंकेने २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. भाताचे पीक घटले, चहाला फटका बसला. मातीची सवय एका आदेशाने सुटत नाही.

सावरी

जुनाजाणता यांचा हिशेब कागदावर बरोबर आहे. कमी जमिनीत जास्त पिकवून उरलेली जमीन निसर्गाला सोडावी, या मताला अभ्यासकांतही भक्कम पाठिंबा आहे. परंतु ‘उरलेली’ जमीन खरोखर उरते का? एकरी उत्पन्न वाढले की शेती अधिक फायद्याची होते, आणि फायद्याची गोष्ट माणूस कमी करत नाही, वाढवतो. ती जमीन राखण्याची वेगळी व्यवस्था असेल तरच हा हिशेब जुळतो.

पाणवठा

सावरी यांच्या मुद्द्याला माझ्याकडे घरचाच पुरावा आहे. आमच्या नात्यातील एकांनी पाटपाणी बंद करून ठिबक बसवले. पाण्याची बचत उत्तम झाली. पुढच्याच वर्षी त्या वाचलेल्या पाण्यावर त्यांनी पडीक तुकडा भिजवायला घेतला. विहिरीची पातळी होती तेथेच राहिली. पूर्वी पाटातून झिरपणारे पाणी मात्र उताराखालच्या एका ओहोळाला जात असे. त्याच्या काठावर उन्हाळ्यातही बोटभर रुंदीची हिरवी रेघ टिकून असायची आणि तिच्यावर सकाळी फुलपाखरे बसलेली दिसत. ठिबकनंतर दुसऱ्या उन्हाळ्यात ती रेघ राहिली नाही. आपण ज्याला गळती म्हणत होतो, ती कोणाची तरी आवक होती. जगभरातील सिंचनाच्या अभ्यासांतही हेच दिसते की, कार्यक्षमता वाढली तरी उपशावर मर्यादा नसेल तर नदीत पाणी वाढत नाही.

ठिबक वाईट आहे, असा अर्थ कृपया काढू नये.

काठावरचा

एक चिंता मिटवताना दुसरी कशी उभी राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण पंजाबात आहे. भूजल खाली चालले म्हणून २००९ साली कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई झाली. भर उन्हाळ्यात बाष्पीभवनात जाणारे पाणी वाचावे, हा हेतू रास्त होता. परंतु लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. कापणीयंत्र मागे पेंढा आणि धसकटे सोडून जाते आणि गव्हाच्या पेरणीला दिवस थोडे उरतात, म्हणून शेत पेटवण्याचा मार्ग निवडला जातो. नेमक्या त्याच दिवसांत हवा थंड व संथ झालेली असते, त्यामुळे धूर वर न जाता जमिनीलगत साठून राहतो. पाण्याचा प्रश्न सोडवण्याच्या प्रयत्नात हवेचा प्रश्न अधिक बिकट झाला. चंडोल म्हणतात ते वेळापत्रक येथेही आहे.

सावरी

त्यात गुरांची औषधेही धरावीत. दक्षिण आशियात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुरांना सर्रास दिले जाऊ लागले. ते अंगात असताना मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठीच्या वापरावर २००६ साली बंदी आली. एखाद्या आजारी बैलाच्या कळा थांबवणाऱ्याच्या मनात आकाशातला पक्षी कशाला येईल?

मृद्गंध

नांगराविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात मुळांनी घट्ट धरून ठेवलेले गवत उलथून गहू पेरला गेला आणि १९३०च्या दशकात दुष्काळ पडताच माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी आलेले वादळ इतके दाट होते की भरदिवसा अंधार झाला. त्याच महिन्यात तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला. पुढे न नांगरता पेरण्याची पद्धत पसरली, ती बऱ्याच अंशी याच धड्यातून.

मी स्वतः दोन लगतच्या शेतांत वाफसा असताना कुदळीने एकेक ढेकूळ काढून पाहिले आहे. दरवर्षी खोल नांगरट होणाऱ्या शेतातील ढेकूळ दगडासारखे फुटले, कडा सरळ आणि आत एकच गांडूळ. पाच वर्षे न नांगरलेल्या शेतातील ढेकूळ हातात घेताच दाणेदार सुटले. मुळांच्या जुन्या नळ्यांतून बोटाएवढी भोके खाली गेलेली होती आणि मोजली ती गांडुळे अकरा भरली. पाऊस आल्यावर पहिल्या शेतात पाणी वरून वाहिले, दुसऱ्यात ते मुरले.

आता याची दुसरी बाजू. न नांगरलेल्या त्या शेतात तण मारण्याचे काम तणनाशक करते. नांगर काढला आणि त्याच्या जागी डबा आला. अमेरिकेत १९९६पासून तणनाशक सहन करणारे सोयाबीन आले, फवारणी वाढली, आणि काही वर्षांत त्या औषधाला दाद न देणारी तणे उभी राहिली. त्याच शेतांत वाढणाऱ्या रुईच्या कुळातील झुडपांवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या जगत. ती झुडपेही पिकाच्या ओळींमधून नाहीशी झाली. माझी गांडुळे वाचली ती कोणाच्या तरी अळ्यांच्या बदल्यात, हे मला मान्य केले पाहिजे.

बांधावरून

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण प्रश्नार्थक यांचा प्रश्न घेऊन मी त्या शेताच्या मालकांकडे गेलो होतो. बियाणे गडद गुलाबी होते. पिशवीवर औषधाचे नाव छापलेले होते आणि ते त्याच गटातील निघाले. फवारणी केली नाही हे त्यांनी मला खरेच सांगितले होते; बियाण्यावर लेप असतो हे त्यांनाही ठाऊक होते, पण ते औषध दिल्यात जमा होते असे त्यांना वाटले नव्हते. मलाही वाटले नव्हते.

तेव्हा ‘विषाशिवाय झालेले नुकसान’ म्हणून मी दिलेले उदाहरण मागे घेतो. बांध आणि लेप एकाच वर्षी बदलले, त्यामुळे चतुर कशाने गेले हे मला सांगता येणार नाही. झुडपात घरटे करणारे पक्षी झुडूप गेल्याने गेले, इतके मात्र मी अजूनही ठामपणे म्हणतो. मूळ प्रश्न थोडा बदलून विचारतो. यांपैकी कोणते नुकसान एकटा शेतकरी उत्पन्नाला फारसा धक्का न लावता भरून काढू शकतो?

सावरी

कडेचे. आम्ही एका बाजूचा तीन मीटर रुंद पट्टा न नांगरता सोडला, त्याचा अनुभव प्रामाणिकपणे लिहिते. पहिल्या वर्षी केवळ तण माजले आणि शेजाऱ्यांनी नापसंती स्पष्ट शब्दांत कळवली. दुसऱ्या वर्षी आम्ही फुले येणाऱ्या स्थानिक वनस्पती मुद्दाम लावल्या आणि बी धरण्याआधी तण कापले. तिसऱ्या वर्षी पट्ट्यालगतच्या ओळींवर मावा आला तेव्हा ढालकिड्यांच्या अळ्या पानामागे ओळीने बसलेल्या सापडल्या. आतल्या भागात मात्र मावा होता तसाच राहिला, म्हणजे हा आधार कडेपासून काही अंतरापर्यंतच पोहोचतो. उंदीरही वाढले, हे लपवत नाही. नंतर एक घुबड येऊ लागले, पण उंदीर संपले असे म्हणता येणार नाही.

जुनाजाणता

माझ्या विरोधाची धार थोडी कमी करतो. प्रत्येक शेतात काही जागा अशी असते की जिथे बी, खत आणि डिझेल घालूनही पीक हाती लागत नाही. ट्रॅक्टर वळतो ते दबलेले कोपरे, झाडाच्या सावलीची कड, पाणी साचणारा खोलगट भाग. ती जागा सोडली तर धान्याच्या हिशेबात जवळजवळ काहीच कमी होत नाही. माझा आक्षेप चांगली जमीन सोडण्याला आहे, अशा जागांना नाही.

बांधावरून

त्या शेताचा पूर्वेकडील कोपरा नेमका असा आहे. मालकांशी बोलणे झाले. यंदा तो न पेरता ठेवण्यास ते तयार आहेत. खोलगट भाग पुन्हा खणून द्यायला मी कुदळ घेऊन जाणार आहे.

अर्धविराम

चंडोल यांना कळवण्यात यावे की, पूर्वेकडील जागा रिकामी आहे.

प्रश्नार्थक

आणि कोपऱ्याला लागून बियाणे कोणते पेरणार? पाणी साचणार ते त्याच शेतातून उतरून येणार आहे.

बांधावरून

लेप नसलेले बियाणे मागून पाहिले. हंगामाच्या बरेच आधी मागणी नोंदवली तरच मिळेल, असे उत्तर मिळाले, आणि ती वेळ यंदा निघून गेली आहे. म्हणून खोलगट भागाच्या चढाकडील चार ओळी मालक मागच्या पिकातून राखलेल्या साध्या बियाण्याने पेरणार आहेत. चतुर आले किंवा नाही आले, तरी येथे लिहीन.